आकडे कोडच्या बाहेर ठेवा, भावांनो!

पावसाळा लागला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न एकच: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पायथन शिकणाऱ्या कुणालाही यावर दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट सहज जमेल. पाण्याची पातळी द्यायची. 'इशारा' की 'धोका' ते तिनं सांगायचं.

पण आपल्यापैकी बरेचजण ३९ आणि ४३ थेट कोडमध्येच लिहून मोकळे होतात. मग सांगलीचा मित्र म्हणतो, 'मलाही दे की!' तिकडं आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर. आता त्यानं तुमचा कोड उघडून आकडे शोधत बसायचं?

प्रॅक्टिकलमध्ये शिकलेलं 'इनपुट' वापरलं, तरी काम अर्धंच होतं. ते कुणीतरी टाइप करेपर्यंत थांबून राहतं. रात्री दर तासाला स्क्रिप्ट आपोआप चालवायची, तर कीबोर्डवर बसणार कोण?

यावर सोपा उपाय म्हणजे कमांड-लाइन आर्ग्युमेंट. स्क्रिप्ट चालवतानाच तिच्या नावापुढं तीन आकडे लिहायचे: आजची पातळी, इशारा, धोका. पायथन ते 'सिस' मोड्यूलमधल्या 'आर्गव्ही' या यादीत आणून देतं. शून्याव्या जागी स्क्रिप्टचं नाव, पहिल्यापासून पुढं आपले आकडे. कोड तोच, गाव कुठलंही.

गोम एकच. हे आकडे मजकूर म्हणून येतात. 'फ्लोट'मध्ये न बदलता तुलना केली, तर पायथन आधी पहिलं अक्षर बघतं आणि ९ हे ४३ पेक्षा मोठं ठरतं! नदी पात्रात शांत, आणि स्क्रिप्ट ओरडतेय 'धोका'.

म्हणून 'आर्गपार्स' वापरा. ते पायथनसोबतच येतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. आकडा हवा हे एकदा सांगितलं की बदल तेच करतं. आकड्याच्या जागी अक्षरं आली किंवा एखादा आकडा राहिला, तर चूक दाखवून थांबतं. प्रत्येक आकड्याला नाव देता येतं, त्यामुळं ३९ आणि ४३ ची अदलाबदल होत नाही. 'हेल्प' मागितली की वापरायची पद्धतही दाखवतं.

चुकीच्या आकड्यावर बिनधास्त उत्तर देणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा थांबून कुरकुरणारी कधीही बरी. जर्नलमध्ये आउटपुट चिकटवलं म्हणजे काम झालं नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला शेजारच्या बाकावरच्याला तुमची स्क्रिप्ट चालवायला द्या. त्याला कोड उघडावा लागला, तर ती अजून तुमच्यापुरतीच आहे.