परवान्याची राखण कोण करणार?

पासवर्ड जपा, असा उपदेश आज नागरिकाला चोहीकडून ऐकू येतो. तो लांब ठेवा, कोणाला सांगू नका! उपदेश खोटा नाही. परंतु ज्यांची जबाबदारी अधिक मोठी, त्यांना तो सोयीस्करपणे मोकळे सोडतो. पासवर्ड नागरिकाने जपला. पण तो पटल्यावर मिळणाऱ्या परवान्याची राखण कोण करणार?

हा परवाना म्हणजे ‘सेशन कुकी’. वेबची मूळ व्यवस्था विसराळू. एका पानावरून दुसऱ्या पानावर आलेला माणूस तोच, हे तिला उमगत नाही. त्यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी कुकीचा तोडगा काढला. पासवर्ड पटला की सर्व्हर ब्राउझरला एक सांकेतिक क्रमांक देतो आणि पुढे प्रत्येक विनंतीबरोबर तोच दाखवला जातो. ज्याच्या हाती क्रमांक, तो घरचा धनी! मग चोराला पासवर्ड हवा कशाला?

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे साधन प्रसिद्ध करून हे वर्म चव्हाट्यावर मांडले. खुल्या वायफायवर शेजाऱ्याचे खाते एका टिचकीसरशी उघडता येई. कारण नामांकित संकेतस्थळेही पासवर्ड तेवढा कूटबद्ध करून नेत आणि नंतर कुकी उघड्यावर टाकत. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी!

त्यावरचे उपाय महागडे नाहीत. ‘सिक्युअर’ ही खूण असली की कुकी कूटबद्ध वाटेवाचून बाहेर पडत नाही. ‘एचटीटीपी-ओन्ली’ असली की पानात घुसवलेल्या स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. ‘सेमसाइट’ नीट लावली की परक्या स्थळाने परस्पर केलेल्या विनंत्यांना तिचे बळ मिळत नाही. दोन-चार ओळींचे काम! पण ते आपोआप होईल, या भ्रमात कोणी राहू नये. जँगो या लोकप्रिय चौकटीत ‘सिक्युअर’ मुद्दाम चालू करावी लागते, आणि मुदत न बदलल्यास परवाना दोन आठवडे चालतो.

मुदतीचा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्कलसीआय या कंपनीतील अभियंत्याच्या संगणकात शिरलेल्या घातक प्रणालीने त्याची कुकी पळवली. दुहेरी पडताळणी आधीच झालेली. चोराला ती पुन्हा करावी लागली नाही! अशा वेळी खुणा तोकड्या पडतात. मुदत आखूड असेल, तरच चोरीचा माल लवकर निकामी होतो. म्हणून ‘ओवास्प’ ही संस्था मोलाच्या व्यवहारांसाठी दोन ते पाच, तर कमी जोखमीच्या कामासाठी पंधरा ते तीस मिनिटांची निष्क्रियतेची मर्यादा सुचवते. ही मर्यादा सर्व्हरने पाळली पाहिजे, आणि ‘लॉगआउट’ म्हणताच परवाना सर्व्हरवरच रद्द झाला पाहिजे. सेवा केंद्रातील सामायिक संगणकावर याहून दुसरे संरक्षण कोणते?

मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली जुलूमही नको. कागदपत्रे जुळवत लांबलचक अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सत्र संपले’ म्हणून शून्यावर आणणे ही निव्वळ बेपर्वाई होय. मुदत संपण्यापूर्वी इशारा द्यावा, ती वाढवण्यास किमान वीस सेकंद द्यावेत, असे वेब-सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. भरलेला मजकूर जतन करणेही अशक्य नाही.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वाजवी सुरक्षा-उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पण बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग? नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक संस्थेने संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी या खुणा आणि मुदती तपासून घ्याव्यात, आणि कंत्राट देतानाच तशी अट घालावी. नागरिकाला शहाणपण शिकवणे पुष्कळ झाले. परवाना देणाऱ्यांनी आता आपले कर्तव्य करावे!