भोक पडलं की पाडलं?

घरी बीअर बनवायची म्हटलं की आपल्याकडे लोक आधी दार लावून घेतात. बरोबरच आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग केलात तर दारूबंदी कायदा आहेच. अमेरिकेत मात्र १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेडरल कायद्याने ही हौस मोकळी झाली. एकट्याला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन सज्ञान असतील तर २००. विकायची मात्र नाही.

आमचा एक मित्र, अस्सल सदाशिव पेठी, सध्या पोर्टलंडमध्ये या नादाला लागलाय. त्याच्याकडे दहा गॅलनचं, म्हणजे साधारण ३८ लिटरचं स्टीलचं पातेलं आहे. त्याला खाली तोटी हवी होती. वेल्डिंगशिवाय बसणाऱ्या अर्ध्या इंची तोटीला सहसा १३/१६ इंचाचं भोक लागतं. साहेबांनी इलेक्ट्रिशियनचा 'अर्धा इंची' पंच उसना आणला. गंमत अशी, की हा अर्धा इंच पाइपाचा. भोक पडतं ७/८ इंचाचं! त्यात पातेलं गोल, पंचाची डाय सपाट आणि स्टील चिवट. पान्हा आवळता आवळता भोक लंबगोल झालं, एका बाजूची कड फाटून वर आली, भोवतीचा पत्रा पोचला.

त्याची दुपार म्हणजे आमची पहाट. अडीचला फोन. एरवी मी कट केला असता. पण तीन आठवड्यांपूर्वी त्याची नोकरी गेलीय. एच-वन-बीवाल्याला नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, त्यातले ३९ उरलेले. नवं पातेलं परवडणार नव्हतं, आणि दिवसभर मेलबॉक्सकडे बघत बसण्यापासून त्याला हेच एक पातेलं वाचवत होतं.

"एम-सील लावू का रे?"

नाही! उकळणाऱ्या आणि शेवटी पोटात जाणाऱ्या वस्तूला ते चालत नाही. तोटी गळली तर खाली शेगडी पेटलेली आणि वर ३०-३२ लिटर उकळता रस. हा विनोदाचा विषय नाही.

आधी पत्रा सपाट करायचा. एका बाजूने लाकडाचा ठोकळा, दुसऱ्या बाजूने हातोडीचे हलके ठोके. घाई नाही. मग हातमोजे घालून कानशीने फाटलेली कड साफ करायची आणि भोक जमेल तितकं गोल. साधी लोखंडी घासणी मात्र नको, तिचे कण स्टीलमध्ये अडकतात आणि गंजतात. भोक मोठं झालं तरी बिघडत नाही. स्टीलचा रुंद वायसर आणि आतून जाड सिलिकॉनची रिंग ते झाकून टाकते. पण रिंगेला सपाट जागा हवीच. चीर वायसरच्याही बाहेर गेली असेल तर आजीच्या पितळी पातेल्यासारखा डाग द्यायचा. शिशाचा नाही हं, कथील-चांदीचा, आणि स्टीलला चालणारा फ्लक्स. तो ३०० अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे पातेलं कोरडं तापवायचं नाही.

त्याला डाग लागला नाही, रिंगेवर भागलं. रात्रभर पाणी भरून खाली पेपर अंथरला, कोरडा. मग तासभर उकळलं, कारण गरम झाल्यावरच खरं काय ते कळतं. एक थेंब आला. नट पाव फेरी आवळला, त्याहून जास्त नाही, नाहीतर रिंग पिळवटून बाहेर येते. थेंब थांबला.

शनिवारी त्याने पहिला घाणा चढवला. तेव्हा ३४ दिवस उरले होते, आणि सोमवारी एक इंटरव्ह्यू होता.