गोंगाटाचा रियाज

"नातवासाठी बघताय का काका?" वाद्यांच्या दुकानातल्या मुलानं अगदी आदरानं विचारलं. मी म्हटलं, "नाही, माझ्यासाठी." त्याच्या चेहऱ्यावरचा आदर तसाच राहिला, पण त्यात जराशी काळजी मिसळली. मग त्यानं फिकट निळ्या रंगाची एक सभ्य दिसणारी गिटार पुढे केली. "जुनी हिंदी गाणी हिच्यावर मस्त वाजतात," म्हणाला. मी म्हटलं, "मला हेवी मेटल वाजवायचंय. ब्रिजजवळ हम्बकर असलेली दाखव."

ही गोष्ट २०२१ सालची. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि साठी उलटली होती. या वयात माणसानं भजनी मंडळात जावं, सोसायटीच्या कार्यकारिणीवर जावं, फार तर बासरी शिकावी. मी घरी आणली ती काळी कुळकुळीत, दोन शिंगांची, चोवीस पडद्यांची इलेक्ट्रिक गिटार. साडेतीन किलो वजन. खांद्याला अडकवली की पाठीचा कणा आपलं वय सांगतो.

हम्बकर हा शब्द मला कसा ठाऊक, असा प्रश्न त्या मुलाला पडला असावा. तो मी २००६ साली आमच्याच जेवणाच्या टेबलावर ऐकला होता. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून चिरंजीवांना एक स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आणि टिफिनच्या डब्याएवढा ॲम्प्लिफायर घेऊन दिला होता. त्यानंतर रोज रात्री पोळीबरोबर गिटारचं विज्ञान वाढलं जाई. मी वर्तमानपत्र वाचत 'हूं' म्हणत असे. पण कान आपलं काम करत असतात.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते. तीच वाढवली की आपल्याला सूर ऐकू येतो. पण हे वेढे घरातल्या विजेची गुणगुणही पकडतात, ट्यूबलाइटची, पंख्याच्या रेग्युलेटरची. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या गृहस्थांनी १९५५ साली यावर तोड काढली. वेढ्यांच्या दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी बसवायच्या, एकीचे वेढे आणि चुंबकाचा ध्रुव दोन्ही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हीकडे विरुद्ध अंगानं येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र दोन्हीकडून मिळून भरघोस होतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, नको त्याची जमा आणि नावे बाजू जुळून शिल्लक शून्य. मेटलमध्ये आवाज इतका ताणलेला असतो की त्याबरोबर ती गुणगुणही ताणली जाते आणि गाणं बुडतं. म्हणून हम्बकर हवा. इतकं सगळं तो सोळा वर्षांचा मुलगा मला सांगत होता आणि मी 'हूं' म्हणत होतो.

मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन नावाचा बँड बंगलोरला आला. त्याला जायचं होतं. मी नाही म्हटलं. अकरावीची परीक्षा होती. त्यानं वाद घातला नाही. जूनमध्ये बारावी सुरू झाली तेव्हा मी गिटार आणि ॲम्प्लिफायर विकून टाकला, ओळखीतल्या एका मुलाला, चार हजार रुपयांना. पैसे त्याच्याच बचत खात्यात भरले. स्लिप मी स्वतः भरली. कुणाचा एक पैसा बुडवला नव्हता, माझा हिशेब चोख होता. त्यानं फक्त विचारलं, "तारांचं नवीन पाकीट होतं, तेही दिलंत?" तेही दिलं होतं.

तो शिकला, इंजिनिअर झाला, परदेशी गेला. सगळं ठरल्याप्रमाणे. त्या गिटारचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

निघाला तो २०१७ साली, आणि तोही माझ्या टेबलावर. दहा वर्षं ज्या खात्यात व्यवहार नाही त्यातली रक्कम एका निधीकडे वर्ग करायची, अशी योजना रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये आणली. पैसे बुडत नाहीत. खातेदार केव्हाही अर्ज करून मागू शकतो. आमच्या शाखेतली अशा खात्यांची यादी तपासून सही करणं माझं काम होतं. त्या यादीत चिरंजीवांचं नाव होतं. शेवटचा व्यवहार जून २००७, रोख भरणा, रुपये ४,०००. त्यानंतर फक्त व्याज. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत या मुलानं मित्रांकडून उसने पैसे घेतले असतील, मेसचं बिल थकवलं असेल, पण या पैशांना हात लावला नव्हता. मी सही केली. नियम तोच होता.

तर वाचकहो, माझ्या गिटारची जन्मकथा ही अशी आहे. आता वाजवण्याविषयी.

लोकांची समजूत अशी की हेवी मेटल म्हणजे आवाज करणं. मीही इतकी वर्षं असंच समजत होतो. हातात वाद्य घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की हे आवाज थांबवण्याचं शास्त्र आहे. ॲम्प्लिफायर इतका चढवलेला असतो की नख लागलं तरी ऐकू येतं. सहा तारांपैकी एक वाजवायची तर उरलेल्या पाच गप्प ठेवाव्या लागतात. डाव्या हाताच्या बोटांच्या पोटांनी काही, उजव्या तळव्यानं काही. त्या तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर हलकेच टेकवून वाजवलं की तो घुमटलेला, घोड्याच्या टापेसारखा आवाज येतो. कड दोन सूत पुढे सरकली तर आवाज मरतो, मागे सरकली तर सुटतो. माझे गुरुजी चोवीस वर्षांचे आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात. पहिले तीन महिने त्यांनी मला मेट्रोनोमच्या साठ ठोक्यांवर एकाच तारेवर बसवलं. मेटालिकाच्या १९८६ सालच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये लय मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या पुढे आहे आणि वादकाचा हात प्रत्येक वेळी वरून खालीच येतो. मी अजून एकशे दहावर आहे. आमच्या सौभाग्यवतींचा शेरा असा, की मिक्सर लागलाय की तुम्ही, ते आता ओळखू येतं. याला मी प्रगती समजतो. बाकी वेळ हेडफोन असतो. शेजाऱ्यांनी काळजी करू नये.

या संगीताचा उगम जिथं झाला ते बर्मिंगहॅम हे पोलादाचं, कारखान्यांचं शहर. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली त्यानं पूर्णवेळ संगीत करायचं ठरवून नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचा कंटाळा केला. आई म्हणाली, काम अर्धवट टाकू नये, जा. तो गेला, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात तोच. (या आईबद्दल वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो. ती चुकीचं काहीच बोलली नव्हती.) कारखान्यातल्या मुकादमानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली, जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती. मग आयोमीनं भांडी धुण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर जुन्या जाकिटाचं कातडं चिकटवलं. तारा बारीक वापरल्या. पुढे १९७१ च्या सुमाराला तारा उतरवून, सैल करून वाजवू लागला. बोटांना सोपं जावं म्हणून. त्यातून तो खर्जातला, जड, ओढत चाललेला सूर आला. त्यांच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला आली होती. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्याच मैदानात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला, ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला आणि सतरा दिवसांनी गेला. मी तो कार्यक्रम मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. आयोमीच्या बोटांवर टोप्या अजून होत्या.

आता जरा आपल्याकडे येऊ. नोकरीत असताना माझी काही वर्षं मिरजेत गेली. तिथल्या सतारमेकर गल्लीत मी संध्याकाळी उगाच जाऊन बसत असे. ही मंडळी मूळची शिकलगार, शस्त्रांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं तेव्हा त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. लोखंडाकडून सुराकडे जाणारी वाट फक्त बर्मिंगहॅममध्ये नाही. तिथं एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावायचे. घोडीवर कानस मारायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आणायचा की तोच सपाट सूर एकदम फुलतो, त्यातून वरचे सूर कारंज्यासारखे उडायला लागतात. तार घोडीला हलकेच घासत असते, म्हणून. शुद्ध, गुळगुळीत सूर आपल्या पूर्वजांना पुरेसा वाटला नाही. त्यांनी तो मुद्दाम खरखरीत करून घेतला.

मेटलच्या गिटारचा जो 'फाटका' आवाज आपल्या कानांना बोचतो, त्याचं गणित याच्या फार जवळचं आहे. तिथं विजेच्या लहरींचे माथे छाटले जातात, इथं तार घोडीवर घासते. कारण वेगळं, पण दोन्हीकडे एका सुरातून अनेक उपसूर उसळतात. आणि अशा आवाजात वाजवतात तरी काय? तीन सुरांचा भरगच्च कॉर्ड नव्हे. गांधार घातला की सगळं गढूळ होतं. म्हणून गांधार गाळतात. उरतात षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज. याला ते लोक पॉवर कॉर्ड म्हणतात. आपण तंबोरा म्हणतो! ब्लॅक सॅबथच्या पहिल्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं ज्या तीन सुरांनी सुरू होतं ते म्हणजे षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला सैतानाचा सूर म्हणत. आपल्याकडे तीव्र मध्यम संध्याकाळच्या मारव्यात येतो, आणि मारव्यात पंचम नसल्यानं तो तसाच लोंबकळत राहतो. सैतान नाही, पण दिवेलागणीची हुरहूर आहेच की. मेटल म्हणजे शास्त्रीय संगीत, असं मला अजिबात म्हणायचं नाही. असली कलमं लावणाऱ्यांची मला भीतीच वाटते. मी एवढंच म्हणतो की माझ्या कानांना ओळखता आलं असतं. त्यांनी ओळखायचं नाकारलं.

आणि इथं मला माझ्याच वहीतली एक नोंद तपासायची आहे. मी गिटार विकली ती बारावीसाठी, असं मी स्वतःला चौदा वर्षं सांगत होतो. समजा, त्याच्याकडे तबला असता. विकला असता का? नाही. कपाटावर ठेवला असता, रविवारी तासभर वाजवायला परवानगी दिली असती, पाहुण्यांपुढे 'जरा एक कायदा वाजव' म्हटलं असतं. पेटी असती तर तिच्यावर आईनं विणलेलं कव्हर घातलं असतं. म्हणजे अडचण वेळेची नव्हती आणि अभ्यासाचीही नव्हती. ते वाद्य मला माझ्या घरातलं वाटत नव्हतं, आणि ते वाजवताना मुलगाही माझ्या घरातला वाटत नव्हता. परीक्षा हे कारण हाताशी होतं, इतकंच. दर जूनमध्ये कितीतरी घरांत हे कारण असंच हाताशी असतं.

कुणी म्हणेल, गिटार ठेवून तो काय मोठा वादक होणार होता? नव्हता. बहुधा तिसऱ्या वर्षी स्वतःच कंटाळला असता. पण मग ती त्यानं ठेवली असती किंवा त्यानं विकली असती. आज १५ ते २५ हजारांत शिकाऊ माणसाला पुरेल अशी चांगली गिटार मिळते, हेडफोन लावला की शेजारच्या खोलीतही फक्त तारांची टिकटिक ऐकू येते. मागेल त्या मुलाला ती घेऊन द्यावी, आणि दिल्यावर ती आपली नाही हे ध्यानात ठेवावं. गुणपत्रिकेशी तिची गाठ मारू नये. बक्षीस म्हणून दिलेली वस्तू शिक्षा म्हणून काढून घेता येते. मी दिली तेव्हाच तिला दोरी बांधून ठेवली होती.

गेल्या डिसेंबरात चिरंजीव आले. गिटारविषयी मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये स्टँडवर होती. त्यानं बूट काढता काढता पाहिली, आईशी बोलला, चहा घेतला. मग उचलली. पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत तिला डोळ्यासमोर आडवी धरून पाहिलं, बंदूक पाहावी तशी. "तारा फार उंच आहेत, म्हणून बोटं दुखत असतील तुमची. ॲलन की कुठाय?" मी आणून दिली. अर्धा तास तो स्क्रू पिळत होता आणि मी समोर बसून होतो. सहावी तार त्यानं एक स्वर उतरवली. "आता एकाच बोटानं तीन तारा दाबा. पॉवर कॉर्ड आपोआप येतो." खरंच आला. त्याचे हात मात्र अडखळत होते. दोन-तीनदा काहीतरी सुरू केलं, मध्येच सोडून दिलं. "विसरलो," म्हणाला.

रात्री मी निधीतले पैसे परत मागण्याचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. सगळे रकाने मी भरले होते, फक्त सही हवी होती. त्यानं तो वाचला. खाते क्रमांक, तारीख, रक्कम. माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. सकाळी विमानतळाची गाडी आली तेव्हा अर्ज टेबलावर नव्हता. दोन दिवसांनी तारा बदलायला काढल्या तर गिटारच्या पिशवीच्या खिशात सापडला, व्यवस्थित घडी घालून, त्यानं आणलेल्या तारांच्या नव्या पाकिटाखाली. सही केलेली नाही. तारा मी चढवल्या. सहावी अजून उतरवलेलीच ठेवली आहे.