कॅडिलॅकची ऐट आणि वालचंदांचा आग्रह

जेऊर (जि. सोलापूर), प्रतिनिधी - पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे स्थानक तसे लहान. मात्र करमाळा तालुक्यातील अनेक गावांना रेल्वे गाठायची ती येथूनच. या तालुक्यात उसाचे बिल जमा झाले, केळीला भाव चांगला मिळाला, की दारात नवे वाहन येते. आधी ट्रॅक्टर, मग बुलेट, मग चारचाकी, असा हा प्रतिष्ठेचा चढता क्रम आहे. जेऊर हे जन्मगाव असलेले नागराज मंजुळे यांनी २०१६ मध्ये 'सैराट'च्या नायिकेला बुलेटवर आणि ट्रॅक्टरवर बसवले, त्यामागे हाच क्रम होता. वाहन दारात उभे राहिले, की पेढे वाटून होण्याआधीच एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'स्पेअर कुठं मिळतात?' टेंभुर्णीला, सोलापूरला, की थेट पुण्याला?

अडाणी वाटावा असा हा प्रश्न. परंतु अमेरिकेतील सर्वांत नामांकित आलिशान मोटारीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तिची कीर्ती वाढली ती याच प्रश्नाच्या उत्तरामुळे आणि उतरली तीही त्याच कारणाने, असे दिसून येते. तिचे नाव कॅडिलॅक.

अमेरिकी बड्या मोटारींची चर्चा पुन्हा सुरू होण्यास अलीकडच्या दोन घटना कारणीभूत आहेत. कॅडिलॅक २०२६ च्या मोसमापासून फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये अकरावा संघ म्हणून दाखल झाली. त्याआधी, १५ जुलै २०२५ रोजी, टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील आपले पहिले दालन उघडले. तिच्या 'मॉडेल वाय' मोटारीची आरंभीची किंमत ५९ लाख ८९ हजार रुपये जाहीर झाली आणि वृत्तवाहिन्यांनी दिवसभर तिचेच गोडवे गायले. दालन थाटणे आणि देशात पाय रोवणे यातील अंतर मात्र त्या दिवशी फारसे कोणी मोजले नाही.

कॅडिलॅकची स्थापना १९०२ मधील. हेन्री फोर्ड एका कंपनीतून बाहेर पडले. तिचे भागधारक गाशा गुंडाळण्याच्या विचारात होते. यंत्रसामग्रीची किंमत ठरविण्यासाठी त्यांनी हेन्री लेलँड या कारागिराला बोलावले. लेलँड यांची उमेदवारी बंदुकांच्या कारखान्यात झालेली. एका बंदुकीचा घोडा दुसऱ्या बंदुकीला तंतोतंत बसला पाहिजे, ही तेथील शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती. यंत्रे विकण्यापेक्षा मोटार बनवा, असा सल्ला त्यांनी दिला आणि नव्या कंपनीला डेट्रॉइट शहर वसविणाऱ्या फ्रेंच सरदाराचे नाव देण्यात आले.

त्या काळी मोटारीचा प्रत्येक भाग फिटर कानस घेऊन घासत असे आणि तो त्याच मोटारीला बसत असे. एखादा भाग मोडला, की नवा घडवावा लागे. १९०८ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक मोटारी आणण्यात आल्या. त्यांचा खिळा न् खिळा सुटा करण्यात आला. तिन्हींचे भाग एकत्र मिसळण्यात आले. त्यातील काही बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडील साठ्यातले भाग ठेवण्यात आले. मग कानशीला हात न लावता, केवळ पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर वापरून तीन मोटारी पुन्हा उभ्या राहिल्या आणि ५०० मैल धावल्या. या कसोटीसाठी कॅडिलॅकला मानाची डेवार ट्रॉफी मिळाली. 'जगाचे परिमाण' हे बिरुद ती मिरवू लागली, त्याला आधार होता तो या कसोटीचा. गादीची मऊ बैठक आणि चकचकीत निकेल या पुढच्या गोष्टी.

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने ही कंपनी विकत घेतली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला. हँडल मारून इंजिन चालू करताना मनगट मोडून घेण्याचे प्रसंग त्यामुळे टळले आणि मोटार चालविणे स्त्रियांनाही सुकर झाले. त्यानंतर आठ सिलिंडरचे आणि १९३० मध्ये सोळा सिलिंडरचे इंजिन आले. लेलँड मात्र १९१७ मध्येच बाहेर पडले. त्यांनी लिंकन ही कंपनी काढली आणि ती पुढे फोर्डच्या मालकीची झाली. अमेरिकेतील दोन प्रतिस्पर्धी आलिशान मोटारींचा जनक एकच असावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

तिसाव्या दशकातील महामंदीत कॅडिलॅकचा खप कोसळला. हे नावच बंद करण्याचा विचार वरिष्ठ पातळीवर सुरू झाला. त्या वेळची एक हकीकत व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सांगितली आहे. दुरुस्ती विभागाचे प्रमुख निकोलस ड्रायस्टाट यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. कृष्णवर्णीयांना कॅडिलॅक विकायची नाही, असे कंपनीचे धोरण असूनही दुरुस्तीसाठी मोटारी घेऊन येणाऱ्यांत यशस्वी कृष्णवर्णीय डॉक्टर, व्यावसायिक आणि कलावंत होते. गोऱ्या माणसाला पैसे चारून, त्याच्या नावावर ते मोटार विकत घेत. चांगल्या वस्तीतले घर आणि चांगल्या क्लबचे सदस्यत्व त्यांना नाकारले जाई. आपण कोणी आहोत, हे चारचौघांत दाखविण्याचे एकच साधन उरले होते आणि ते म्हणजे मोटार. ड्रायस्टाट यांनी हे धोरण बदलायला लावले आणि ड्रकर यांच्या सांगण्यानुसार कॅडिलॅक तरली. विक्री विभागाला जे दिसले नाही, ते दुरुस्तीच्या शेडमध्ये दिसले. वरातीच्या घोड्यावरून आजही तंटे होतात अशा मुलखातील वाचकाला या हकिकतीचा अर्थ वेगळा उलगडून सांगायला नको.

युद्धानंतरची कॅडिलॅक सर्वांना ठाऊक आहे. मागे माशाच्या परांसारखे उंच कल्ले, लांबलचक बॉनेट, क्रोमचा लखलखाट. १९५९ मध्ये तर या कल्ल्यांनी कमाल गाठली. याच भपक्याखाली अभियांत्रिकीकडे हळूहळू दुर्लक्ष होत गेले. १९८१ मध्ये गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारे इंजिन आणले गेले. तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला ते पेलले नाही आणि ग्राहक वैतागले. १९८२ ची 'सिमरॉन' त्याहून वाईट निघाली. शेवरोलेच्या स्वस्त 'कॅव्हेलियर'वरच कॅडिलॅकचे बोधचिन्ह चढवून ती विकली गेली. ग्राहकाने ते ओळखले. ज्या नावाने तीन मोटारींचे भाग अदलाबदल करून कीर्ती मिळविली, त्याच नावाने आता केवळ बिल्ल्याची अदलाबदल केली होती. श्रीमंत अमेरिकी माणूस जर्मन आणि नंतर जपानी मोटारींकडे वळला. २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातून कॅडिलॅक वाचली, परंतु जुना दरारा काही परतला नाही. फॉर्म्युला वनचा खटाटोप त्यासाठीच आहे.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध १९२८ मध्ये जुळला. जनरल मोटर्सने त्या वर्षी मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणीचा कारखाना सुरू केला. खोक्यांतून आलेले भाग जोडून येथे शेवरोले उभी राहत असे. भाग अमेरिकेतले आणि जोडणीपुरती मजुरी येथील, असा हा व्यवहार होता.

हा व्यवहार सोलापूरच्या एका माणसाला मान्य नव्हता. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटाने त्यांनी धंद्याचा श्रीगणेशा केला. जेऊरच्या दक्षिणेला, भीमेपलीकडील इंदापूर तालुक्यात त्यांच्या नावाचे वालचंदनगर आजही आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सहकार्याने मोटार कारखान्याची योजना आखून १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण ब्रिटिश साम्राज्यातील हक्क कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे असल्याने ती फिसकटली. अखेर क्रायस्लरशी करार झाला. इंग्रज सरकारला मात्र युद्धकाळात हिंदी मालकीचा मोटार कारखाना नको होता. परवानगीसाठी झुलवत ठेवलेल्या वालचंदांनी त्याच दौऱ्यातील एका ओळखीचा उपयोग करून १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. मोटारीसाठी त्यांना आणखी थांबावे लागले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्या गाड्यांची नावे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. तिन्ही नावांच्या मोटारी आतून जवळपास एकच होत्या. सुरुवातीला हीदेखील जोडणीच होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. फरक पडला तो पुढे. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने दंडक घातला, की भाग येथे बनविण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. वालचंद १९५३ मध्येच निवर्तले होते. परंतु त्यांचा कुर्ल्याचा कारखाना राहिला, कारण भाग येथेच बनवायचे हा त्यांचा मूळ आग्रहच होता. डॉज आणि प्लिमथ मुंबईच्या रस्त्यांवर 'बडी टॅक्सी' म्हणून वर्षानुवर्षे धावल्या. त्याच कारखान्यातून निघालेल्या फिएट आणि पद्मिनीने पुढे त्यांची जागा घेतली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने अखेरचा निरोप घेतला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये.

आयात बंद झाल्यावर अमेरिकी मोटारींची कीर्ती गमतीशीर रीतीने फुगली. वकिलातींनी वापरलेल्या परदेशी मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्यातील शेवरोलेची 'इम्पाला' साठ-सत्तरच्या दशकांत चित्रपटसृष्टीच्या वैभवाची खूण बनली. अमेरिकेत शेवरोले हे जनरल मोटर्सच्या उतरंडीतील सर्वांत खालचे, शिक्षक-कारकुनांचे नाव. मुंबईत तिला कॅडिलॅकचा मान मिळाला. दुर्मीळ झाली, की साधी वस्तूही आलिशान ठरते.

उदारीकरणानंतर जनरल मोटर्स परतली आणि २००३ पासून शेवरोले हे नाव पुन्हा दिसू लागले. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला कारखाना उभा राहिला. जेऊर, करमाळा, टेंभुर्णी या पट्ट्यात अमेरिकी नाव खऱ्या अर्थाने पोचले ते 'तवेरा'मुळे. वडापच्या धंद्यात, लग्नाच्या वऱ्हाडात आणि पंढरीच्या वाटेवर ती दिसू लागली. तिचा मूळ आराखडा जपानच्या इसुझूचा, हे तिच्यात दाटीवाटीने बसलेल्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २०१३ मध्ये प्रदूषण चाचण्यांतील गैरप्रकार कंपनीनेच मान्य केले आणि सुमारे १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. २०१७ च्या अखेरीस तिने भारतातील विक्री थांबविली. तळेगावात निर्यातीपुरते उत्पादन चालू राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद पडले. कामगारांनी न्यायालयात आणि रस्त्यावर लढा दिला. गाडीमालकांना सेवा व सुटे भाग मिळत राहतील, असे आश्वासन कंपनीने दिले होते. मात्र कंपनी चालली म्हटल्यावर जुन्या बाजारातील भाव थांबत नसतो.

टेस्लाच्या दालनाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. तिची येथे विकली जाणारी मोटार शांघायच्या कारखान्यात बनते. जबर आयात शुल्कामुळे तिची किंमत अमेरिकेतील किमतीच्या कितीतरी पुढे जाते. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सवलतीची योजना जाहीर केली. किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवून येथे कारखाना काढणाऱ्यास मर्यादित संख्येच्या विद्युत मोटारी १५ टक्के शुल्कात आणता येतील, अशी ती योजना. १९५३ च्या दंडकाचेच हे नवे, गोड बोलणारे रूप आहे. तेव्हा काठी दाखविली होती, आता गूळ दाखविला आहे. अवजड उद्योगमंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनी जून २०२५ मध्ये स्पष्ट केले, की टेस्लाला येथे दालने उघडण्यातच रस आहे, उत्पादनात नाही. या उत्तरात शिवडीची आठवण व्हावी, असे पुष्कळ आहे.

विद्युत मोटारीत झिजणारे भाग कमी असतात, तिला शेडची गरज थोडी, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. तथापि अपघातात चेपलेला पत्रा, फुटलेली काच आणि बिघडलेली बॅटरी यांना गॅरेज लागतेच, आणि जेऊरपासून वांद्रे-कुर्ला संकुल तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे.

तळेगावचा कारखाना दरम्यान रिकामा राहिला नाही. दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये तो घेण्याचा करार केला आणि २०२५ च्या अखेरीस तेथून तिची 'व्हेन्यू' बाहेर पडू लागली. करमाळा तालुक्यात तवेरा अजून अधूनमधून दिसते. तिचे भाग मिळतात, पण त्यासाठी जुन्या बाजाराची वाट धरावी लागते.