डोकं नव्हे, हात!

गोल्फ शिकणाऱ्याला भेटेल तो एकच मंत्र देतो : "डोकं खाली ठेवा!" अहो, तीस वर्षं नोकरी केली ती दुसरं काय करून? या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. तरी चेंडू जागचा हलेना. गवतासकट मातीचं ढेकूळ मात्र दहा पावलं उडालं.

मी म्हणतो, चेंडू मारायचा हातांनी की डोक्याने? तो वर उडावा म्हणून आपण ऐन वेळी मनगट मोडतो आणि आमटीच्या तळची डाळ डावाने काढावी तसा त्याला उचलू बघतो. पण उचलायचं काम आपलं नव्हेच! सात नंबरच्या आयर्नच्या तोंडाला तीसेक अंशांचा उतार दिलाय तो कशाला? काठी चेंडूला लागते त्या क्षणी हात चेंडूच्या किंचित पुढे हवेत, डावं मनगट सपाट. आधी चेंडू, मग माती. बेन होगनच्या १९५७ सालच्या पुस्तकात पहिला धडाच मुळी पकडीचा आहे!

पण हात बघायचे तर शिकवणाऱ्याला खुर्चीतून उठावं लागतं. "डोकं खाली" बसल्या बसल्या म्हणता येतं.

परवा हात पुढे ठेवून मारला. चेंडू सणसणत सरळ गेला.

"बघा, डोकं खाली ठेवलंत ना!" मागून खुर्ची म्हणाली.