पैसा किड्यावर विष नको, ओल हटवा

मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की खेड्यातील घरांच्या भिंतींवर, न्हाणीच्या कोपऱ्यात व ओट्याच्या कडेने तपकिरी-काळसर रंगाचे, अनेक पायांचे किडे फिरताना दिसू लागतात. स्पर्श होताच ते अंगाचे वेटोळे करून नाण्यासारखे पडून राहतात. म्हणून त्यांस 'पैसा' हे नाव पडले. काही भागांत त्यांना 'वाणी' असेही म्हणतात. नाव पैसा असले तरी घरात त्याचे स्वागत कोणीच करीत नाही. परंतु त्यास घालविण्याचा जो मार्ग पुष्कळ ठिकाणी पत्करला जातो, तो मात्र किड्याहून घातक आहे. पिकासाठी आणलेल्या कीटकनाशकाची उरलेली भुकटी उंबरठ्यावर, भिंतीच्या कडेला, प्रसंगी अंथरुणाभोवतीही टाकली जाते. ज्या जमिनीवर मूल रांगते व ज्या ओट्यावर धान्य निवडले जाते, तेथेच हे विष पसरते. एके काळी सहज मिळणाऱ्या बी.एच.सी. भुकटीवर देशात १९९७ साली बंदी आली. सवय मात्र गेली नाही, केवळ डबा बदलला.

या किड्याचा अपराध तरी केवढा? तो चावत नाही की डंख मारीत नाही. लोक त्याची गल्लत गोमेशी करतात आणि भितात. गोम चपटी व चपळ असते. तिच्या शरीराच्या प्रत्येक वलयास पायांची एकच जोडी असते व तोंडाजवळच्या विषारी नांग्यांनी ती दंश करते. पैसा गोलसर व संथ असतो आणि त्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. चिरडल्यास किंवा डिवचल्यास मात्र तो उग्र वासाचा द्रव सोडतो. त्याने कातडीवर डाग पडतो, आणि डोळ्यांत गेल्यास आग होते. म्हणून मुलांना तो हाताळू देऊ नये. द्रव लागल्यास साबणाने धुवावे, डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांस दाखवावे.

कुजका पालापाचोळा हे त्याचे खाद्य व ओल हे त्याचे जीवन होय. अंगातील पाणी टिकवून धरण्याची शक्ती त्याच्यात फार कमी असल्याने कोरड्या घरात तो थोड्याच दिवसांत आपोआप मरतो. अतिवृष्टीने मातीत पाणी भरले म्हणजे तो आसऱ्यासाठी भिंत चढतो. असे असताना घरात भुकटी टाकणे म्हणजे उगम सोडून ओघळ बुजविण्यासारखे आहे. आज शंभर मेले तरी भिंतीलगतच्या उकिरड्यातून उद्या दुसरे शंभर येतीलच.

तेव्हा पावसाळ्यापूर्वीच उकिरडा, सरपण, दगडांचे ढीग व भिजकी पोती भिंतीपासून दूर हलवावीत. न्हाणीचे पाणी जोत्याशी मुरू न देता शोषखड्ड्यात सोडावे; पागोळ्यांचे पाणी वाहून जाण्यास चर काढावा. जोत्याच्या भेगा व दाराखालची फट बुजवावी. इतके करूनही जे आत येतील ते झाडूने सुपलीत भरून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावेत. तेथे ते पाला कुजविण्याचे कामच करतात.

शेतातील गोष्ट निराळी आहे. सोयाबीन, कपाशी यांची कोवळी रोपे या किड्याने कुरतडल्याच्या तक्रारी विदर्भ-मराठवाड्यातून आल्या आहेत, व तेथे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे उपाय करणे रास्तच आहे. परंतु शेतासाठी दिलेली शिफारस घरासाठी नव्हे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणी किड्यासाठी औषध मागावयास आला, तर त्यास डब्याचे नाव सांगण्याऐवजी त्याच्या घराभोवती एक फेरी मारावी. भिंतीस टेकलेले सरपण तेव्हाच दिसेल, आणि उरलेली भुकटी मुलांच्या हाती न लागेल अशी कुलपात आहे की नाही, हेही त्याच फेरीत पाहता येईल.