रक्त न येणाऱ्या हिरड्या

वुजू करताना आपण तीन वेळा चूळ भरतो. दिवसातून पाच वेळा तोंडाकडे लक्ष जावे अशी ही सोय आहे. तरीही आपल्या घरांत दात हलू लागेपर्यंत डॉक्टरकडे कोणी जात नाही. चुळीत रक्त दिसले तर अम्मी मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला सांगतात, आणि रक्त दिसले नाही तर सगळे ठीक आहे असे आपण धरून चालतो.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत हे गृहीत धरणे फसवे ठरते. निकोटिनने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हिरड्या फिकट, घट्ट दिसतात, रक्त फारसे येत नाही; आणि आत दाताला धरून ठेवणारे हाड मात्र झिजत राहते. धोक्याची खूणच पुसली जाते. कित्येकांना सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागते आणि भाईजान म्हणतात, "बघा, सोडली म्हणून त्रास सुरू झाला!" त्रास जुनाच असतो. रक्तपुरवठा सुधारतो आणि तो दिसू लागतो, इतकेच.

आता मूत्रपिंडांचा इथे काय संबंध, असे वाचकांना वाटेल. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, तेही अत्यंत बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंत्यांतून. तंबाखूचा धूर रक्तदाब वाढवतो आणि याच वाहिन्यांना इजा करतो. लघवीतून प्रथिन जाऊ लागते. दुसरीकडे हिरड्यांखाली वर्षानुवर्षे साचलेल्या संसर्गातले जंतू आणि दाहाचे पदार्थ रक्तात मिसळत राहतात. अमेरिकेत पाच हजारांहून अधिक मध्यमवयीन स्त्री-पुरुषांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. हिरड्यांचा आजार असलेल्यांत मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. हिरड्यांमुळेच मूत्रपिंड बिघडले, असे यातून सिद्ध होत नाही. मधुमेह आणि तंबाखू हे दोघे दोन्ही घरे एकदमच पोखरतात. पण ज्याच्या हिरड्या खराब आहेत त्याने मूत्रपिंडही तपासून घ्यावे, एवढे तर नक्कीच म्हणता येते.

"विडी म्हणजे पानात गुंडाळलेली तंबाखू, सिगारेटइतकी वाईट नाही," हे आम्ही पालकसभेत अनेकदा ऐकतो. याचे उत्तर मुंबईनेच दिले आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून मुंबई शहरातल्या सुमारे दीड लाख लोकांची नोंद करून पुढची कित्येक वर्षे त्यांचा मागोवा घेतला. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी नव्हते. उलट थोडे अधिकच भरले.

आणि बोट फक्त अब्बांकडे दाखवून चालणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. यात गुटखा, खैनी आहे तशी मशेरीही आहे. घाटकोपरच्या चाळीत असो की अंधेरीच्या गल्लीत, सकाळी मशेरी लावणाऱ्या खाला आणि दादी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांना ती तंबाखू वाटतच नाही, दंतमंजन वाटते. हिरडी दुखायची थांबते, म्हणून औषधही वाटते.

दुखणे थांबवण्याचा दुसरा मार्ग मेडिकलच्या दुकानात मिळतो. आम्हाला तर सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. दाढ दुखली की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, पुन्हा दुखली की पुन्हा गोळी. दाताच्या डॉक्टरचा खर्च वाचला म्हणून समाधान. या गोळ्या वारंवार घेतल्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, विशेषतः वय झालेल्यांना आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्यांना. डायलिसिस सुरू झाले की बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास पलंगावर काढावे लागतात. रिक्षा चालवणाऱ्याचे घर त्यात कसे चालेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

दात साफ करून घेतले की ते ढिले होतात, हाही एक पक्का गैरसमज. थर निघाल्यावर आधीच मोकळी झालेली जागा दिसते, दात त्यामुळे हलत नाहीत. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले सरकारी दंत महाविद्यालय इथे हे काम कमी खर्चात होते. बोरिवली-मुलुंडहून एक सकाळ जाईल, हे खरे. मिस्वाक जरूर करावी; पण हिरडीखाली घट्ट झालेला थर मिस्वाकनेही निघत नाही आणि ब्रशनेही नाही.

मूत्रपिंडांसाठी दोन तपासण्या सांगाव्यात : रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन. मूत्रपिंड बरेच बिघडेपर्यंत दुखत नाही, म्हणून चाळिशीनंतर, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर दरवर्षी, त्या करून घ्याव्यात. अहवाल बिघडलेला असेल तर रोजे ठेवण्याविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे.

रोज्यांवरून आठवले. दिवसभर बारा-चौदा तास तंबाखूशिवाय काढणारा माणूस खजूर तोंडात टाकतो आणि मगरिबची नमाज होताच कोपऱ्यावरच्या टपरीकडे वळतो. दिवसभर जमते, मग रात्रीच का जमत नाही? सवयीची ओढ खरी असते, नुसत्या रागावण्याने ती जात नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. घरातल्या मुलाने तो लावून अब्बांच्या हाती फोन द्यावा. आणि अब्बांनी त्या मुलाला विडीचे बंडल आणायला टपरीवर पाठवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे टपरीवाल्यालाही ठाऊक असते.